जुन्या मेटल अल्बमना गाण्यागणिक मार्क देताना: ‘पॅरानॉइड’ आणि ‘मशीन हेड’च्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुलै २०२५ मध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑझबर्न गेल्यावर तुम्ही पहिल्यांदाच जुने रॉक आणि मेटल अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला घेतलेत. ब्लॅक सॅबथचा ‘पॅरानॉइड’, डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ आणि आयर्न मेडनचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’. प्रत्येक गाण्याला दहापैकी मार्क देऊन तक्ता केलात. ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’ला तीन, ‘रॅट सॅलड’ला दोन, ‘हॅन्ड ऑफ डूम’ला चार, ‘लेझी’ला चार. तक्ता पाहून मित्र म्हणाला, “तुला मेटल कळतच नाही.” आता तुम्ही विचारताय की आपला कान कच्चा आहे, की हे अल्बम लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेत.

मी बेस गिटार वाजवते आणि पुण्यात शिकवते. हे तिन्ही अल्बम शिकवणीत सतत येतात, कारण बेस शिकणाऱ्याला गीझर बटलर, रॉजर ग्लोव्हर आणि स्टीव्ह हॅरिस या तीन बँडच्या बेसवादकांना टाळून पुढे जाताच येत नाही. त्यामुळे माझं ऐकणं थोडं तळातून वर जाणारं आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मित्राचं सोडून द्या. एखादं गाणं न आवडणं हा काही गुन्हा नाही. मला तुमच्या तक्त्यात वेगळंच काहीतरी दिसलं. कमी मार्कांची गाणी एकत्र ठेवून पाहा. एक अगदी संथ आणि दबक्या आवाजातलं, एक शब्दच नसलेलं, एक बेसच्या हळू सुरावटीने सुरू होऊन तिथेच परत येणारं, आणि एक असं की गायक अर्धं गाणं होऊन गेल्यावर येतो. जास्त मार्क कुणाला? ‘पॅरानॉइड’, ‘आयर्न मॅन’, ‘हायवे स्टार’, ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘रन टू द हिल्स’. म्हणजे सुरुवातीलाच मानगूट पकडणारी गाणी. तुमचा कान चोख काम करतोय. पण प्रत्येक गाण्याला तुम्ही एकच प्रश्न विचारलात, की हे एकटं लावलं तर किती पकडतं. तो प्रश्न सिंगलसाठी, म्हणजे सुटं विकल्या जाणाऱ्या गाण्यासाठी, ठीक आहे. हे अल्बम मात्र तबकडीच्या दोन बाजूंसाठी, बाजूला साधारण वीस-एकवीस मिनिटं या हिशेबाने रचलेत. त्यातल्या काही गाण्यांचं काम पकडण्याचं नाहीच. पकड सैल करून पुढच्या गाण्यासाठी जागा करणं, हे त्यांचं काम.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे ऐकायचं साधन. तुम्ही लिहिलंय की बरंचसं ऐकणं बसमध्ये झालं आणि घरी फोनच्या स्पीकरवर. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा स्वर ओळखतो, पण त्याचं वजन अंगाला लागत नाही. सॅबथचं अर्धं संगीत त्या वजनात आहे. भारी उपकरणं लागतात असं मुळीच नाही, तारेचे साधे इअरफोन आणि शांत खोली पुरते. फक्त बेस वाढवणारं बटण बंद ठेवा, कारण त्याने बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांत कालवले जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे आवृत्ती. जुन्या अल्बमचे बरेच नंतरचे रीमास्टर, म्हणजे आवाज नव्याने जुळवून काढलेल्या आवृत्त्या, मोठ्या आवाजाचे केलेले असतात. सगळं मोठं करायचं तर हळू भाग आणि जोरकस भाग यांतलं अंतर कमी करावं लागतं. ‘पॅरानॉइड’ या गाण्याला त्याने फारसा फरक पडत नाही, ते आधीपासूनच एका पातळीवर धावतं. ‘हॅन्ड ऑफ डूम’ मात्र त्या अंतरावरच उभं आहे. शक्य असेल तर दोन आवृत्त्यांतलं हे एकच गाणं लागोपाठ ऐका. आणि ॲपमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची सोय चालू असेल तर आधी बंद करा.

तिसरी गोष्ट तुमची स्वतःची. कोणतं संगीत ऐकत वाढलात यावर कान कशाची वाट पाहतो ते ठरतं. मुखडा-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला सहा मिनिटांत तीनदा चाल बदलणारं गाणं विस्कळीत वाटू शकतं. त्यावर इलाज एकच, चाल कधी बदलते याची आधीच कल्पना असणं. म्हणून ‘पॅरानॉइड’ आपण क्रमाने घेऊ.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. ब्लॅक सॅबथचे चौघेही, गायक ऑझी, गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर आणि ड्रमवर बिल वॉर्ड, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले. पहिला अल्बम त्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित केला आणि तो फेब्रुवारी १९७० मध्ये आला. ‘पॅरानॉइड’ त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. दोन्हींचा निर्माता रॉजर बेन. क्लबांमध्ये वाजवून वाजवून मुरलेली गाणी त्यांनी स्टुडिओत नेली, त्यामुळे अल्बमवर चार माणसं एका खोलीत वाजवतायत हे सतत जाणवतं. टोनी आयोमी डावखुरा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं आणि हलक्या तारा वापरायला लागला. याच्या जोडीला एक गैरसमज दूर करते. सॅबथचा जडपणा गिटार खालच्या स्वरात लावल्यामुळे येतो असं सर्रास सांगितलं जातं. या अल्बमवर गिटार नेहमीच्या स्वरातच आहे. खाली उतरवणं सुरू झालं ते १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पासून. म्हणजे इथला जडपणा येतो तो लयीतून, सोडलेल्या जागांतून आणि बेसने गिटारच्या खांद्याला खांदा लावून वाजण्यातून.

‘वॉर पिग्ज’ जवळजवळ आठ मिनिटांचं आहे. तुम्ही सात दिलेत, मी दहा देईन. सुरुवात डुलत्या, संथ लयीत, वर हवाई हल्ल्याचा भोंगा. मग अचानक सगळं थांबतं आणि बिल वॉर्डचा हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी) तेवढा चालू राहतो. गिटार आणि बेस मिळून दोन ठोसे देतात आणि गप्प बसतात. त्या रिकाम्या जागेत ऑझी गातो, पाठीशी जवळजवळ काहीही नसताना. पुन्हा दोन ठोसे, पुन्हा जागा. माझ्याकडे येणारी मुलं हे गाणं पहिल्यांदा वाजवतात तेव्हा त्या जागेत बेसचे दोन-चार स्वर हमखास भरतात. मी त्यांना ठोसा दिल्याबरोबर डावा हात तारांवर सपाट टेकवायला सांगते, तार पूर्ण बंद. गुंजसुद्धा उरता कामा नये. ती शांतता तंतोतंत कापली गेली की गाणं एकदम दुप्पट जड होतं आणि मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. तुम्ही ऐकताना ठोसे ऐकू नका, त्यांच्यामधली जागा ऐका.

पुढे गिटारचा सोलो सुरू झाला की पुन्हा एकदा मागे जा आणि या वेळी सोलोकडे दुर्लक्ष करून फक्त बेस ऐका. गीझर बटलर मुळात गिटार वाजवायचा, बेसकडे नंतर वळला. त्यामुळे तो एका स्वराला खुंटा ठोकून बसत नाही, आयोमीच्या खाली स्वतःची वेगळी चाल चालवतो. गाण्याच्या अगदी शेवटी टेपचा वेग वाढवलाय, सगळं उंच होत होत चिरकून संपतं. ही करामत बेन आणि ध्वनिमुद्रक टॉम ॲलम यांची. कुणाला तो शेवट पोरकट वाटतो. मला तो लागतो, कारण लगेच पुढे ‘पॅरानॉइड’ धावत येतं आणि वेग आधीच चढलेला असतो.

‘पॅरानॉइड’ला तुम्ही नऊ दिलेत, त्यावर माझा आक्षेप नाही. अल्बम भरायला एक छोटं गाणं कमी पडत होतं म्हणून हे शेवटी, अर्ध्या तासाच्या आत, उभं राहिलं. ब्रिटनमध्ये सिंगल चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अल्बमचं ‘वॉर पिग्ज’ हे ठरलेलं नाव बदलून हेच नाव आलं. मुखपृष्ठावरचा ढाल-तलवारवाला माणूस मात्र जुन्या नावासाठी काढलेला, तो तसाच राहिला. ऐकायची एकच जागा सांगते. इअरफोनवर सोलो आला की एका कानात गिटार कोरी येते आणि दुसऱ्या कानात तीच फाटून-खरवडून आलेली. फोनच्या स्पीकरवर हे दोन्ही एकत्र होऊन नुसता गोंगाट लागतो.

आता ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’, तुमचे तीन मार्क. ऑझीचा आवाज इथे फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय, म्हणून तो पाण्याखालून आल्यासारखा हलतो. बिल वॉर्ड नेहमीचे ड्रम सोडून हाताने वाजवायचा कोंगा वाजवतो आणि पियानोवर टॉम ॲलम आहे. शेवटाकडे आयोमी जे वाजवतो त्यात जॅझची ओढ स्पष्ट आहे. एकटं गाणं म्हणून मी सहा देईन. पण एक प्रयोग करा. ‘पॅरानॉइड’ संपल्यावर हे गाळून थेट ‘आयर्न मॅन’ लावा. दुसऱ्या दिवशी तिन्ही क्रमाने लावा. मधली ही साडेचार मिनिटं असली की ‘आयर्न मॅन’च्या सुरुवातीचे किक ड्रमचे एकटे ठोके छातीवर येतात. ती नसली तर ते जोरकस गाण्यानंतरचं आणखी एक जोरकस गाणं होतं, बस. मैफिलीत विलंबित गाळून थेट द्रुत ऐकवली तर तिची चमक जशी जाते, तसंच हे आहे.

‘आयर्न मॅन’ला तुमचे नऊ, माझे साडेसात. हे गाणं तुम्हाला जास्त आवडतं आणि मला कमी, याचं कारण सांगता येण्यासारखं आहे. ऑझी रिफची, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीची, चाल जशीच्या तशी गातो, स्वराला स्वर लावून. भविष्य पाहून परतलेला आणि येताना पोलाद झालेला माणूस ही गोष्ट आहे, त्यामुळे ताठर, यांत्रिक गाणं तिला शोभतं. पण कडवी पुढे सरकतात तसा गायन आणि गिटार यांच्यातला ताण उरत नाही, दोघं एकाच रुळावर. तो ताण परत येतो तो मधला वेगवान भाग सुरू झाल्यावर. तिथे बेस सुसाट सुटतो आणि शेवटची दोन मिनिटं मला कडव्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रिय आहेत.

‘इलेक्ट्रिक फ्युनरल’बद्दल तुम्ही लिहिलंय, ‘आयर्न मॅनसारखंच वाटलं, पाच.’ हे निरीक्षण पक्कं आहे. इथेही गायन रिफला चिकटलेलं आहे, इथेही लय जड आहे आणि मध्येच वेग वाढतो. फरक वा-वा पेडलचा (गिटारचा सूर उघडझाप केल्यासारखा करणारं पायाचं साधन), रिफ त्यातून वितळल्यासारखी येते, आणि विषय अणुयुद्धाचा. पण तबकडीवर ‘आयर्न मॅन’ हे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे आणि ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’ दुसऱ्या बाजूचं पहिलं. मध्ये उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. कॅसेटवर ऐकणाऱ्यांनाही बाजू बदलावी लागायचीच. स्ट्रीमिंगवर ही दोन गाणी एकमेकांच्या पाठीवर येऊन आदळतात आणि साम्य उगाच डोळ्यात भरतं. चौथ्या गाण्यानंतर थांबा, चहा टाका, मग पुढे जा. माझे सात.

‘हॅन्ड ऑफ डूम’वर मला थांबायचंय, कारण तुमचे चार मार्क मला सगळ्यात जास्त खटकले. विषय आहे युद्धावर गेलेले आणि हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक. व्हिएतनाम तेव्हा चालू होतं आणि बटलरने हे लिहिलं ते उपदेश म्हणून नाही, माणूस हळूहळू कसा संपत जातो याकडे पाहत. सात मिनिटांच्या या गाण्याची रचना तेच करते. सुरुवात एकट्या बेसने. बोटांनी, अगदी हलक्या हाताने. ड्रमही कडेकडेने, दबकत येतात. ऑझी जवळजवळ बोलतो. मग गिटार पूर्ण जोरात कोसळते आणि काही वेळाने पुन्हा तोच हळू बेस. हा चढ-उतार दोनदा झाला की तिसऱ्यांदा हळू भाग आल्यावर आपण ताणूनच बसतो. मधे संपूर्ण वेगळा, वेगवान भाग येतो, आणि शेवटी गाणं निघालं होतं तिथेच परत येऊन विझतं.

शिकवताना इथे एक अडचण नेहमी येते. हळू भाग वाजवताना मुलं लयही हळू करतात. आवाज कमी करायचा, लय नाही. बटलर आणि वॉर्ड यांनी तो दबका भाग तितकाच ताठ धरलाय, म्हणून गिटार कोसळते तेव्हा धक्का बसतो. बसमध्ये इंजिनाच्या घरघरीत हा भाग ऐकूच येत नाही. तुम्हाला ऐकू आला असेल तो फक्त जोरकस अर्धा भाग, आणि नुसता तेवढाच असता तर मीही पाचच्या वर दिले नसते. रात्री, दिवा घालवून, पुन्हा एकदा ऐका. माझे दहा, आणि मला हे अल्बमवरचं सर्वोत्तम गाणं वाटतं, ‘वॉर पिग्ज’च्याही थोडं वर.

‘रॅट सॅलड’बाबत मी तुमच्या बाजूने आहे. अडीच मिनिटं, मध्ये ड्रमचा सोलो. क्लबात रात्रभर वाजवावं लागायचं तेव्हा असे तुकडे ताणायची सोय असायची. रेकॉर्डवर तो ना पुरेसा लांब आहे, ना पुरेसा नेमका. माझे चार.

‘फेअरीज वेअर बूट्स’ला तुम्ही सहा दिलेत आणि ‘शेवट फुसका’ असा शेरा मारलात. याच्या सुरुवातीच्या वाद्यांच्या भागाला अमेरिकन आवृत्तीत ‘जॅक द स्ट्रिपर’ असं वेगळं नाव आहे, तसंच ‘वॉर पिग्ज’च्या शेवटाला ‘ल्यूक्स वॉल’. नावं दिसली तर गाणी वेगळी समजू नका. इथे ड्रमकडे कान द्या. बिल वॉर्ड जीन क्रुपासारख्या जॅझ ड्रमरवर वाढलेला, आणि त्याचा झोका इथे मोकळा सुटतो. जड संगीत नाचू शकतं याचा पुरावा मागाल तर मी हेच गाणं लावेन. आठ.

‘मशीन हेड’वर एवढा वेळ लागणार नाही, कारण तो जास्त मोकळ्या स्वभावाचा अल्बम आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला डीप पर्पलची मंडळी गेली होती. ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायचं होतं तो ४ डिसेंबरला अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाच्या कार्यक्रमात आग लागून जळाला. मग रिकाम्या ग्रँड हॉटेलात, गाद्या लावून आवाज अडवून, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओच्या मदतीने अल्बम झाला. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च. हे नाव लक्षात ठेवा.

‘हायवे स्टार’ला तुमचे दहा, माझेही दहा. आधी ऑर्गनचा सोलो, मग गिटारचा, आणि दोन्ही पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार बाखच्या वळणाने जातात. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून येतो, म्हणून तो कुठेही गोड होत नाही. ‘मेबी आय’म अ लिओ’ला तुम्ही पाच दिलेत आणि लिहिलंत की ठेका चुकल्यासारखा वाटतो. वाटणारच, रिफ पहिल्या मात्रेवर सुरूच होत नाही. किक ड्रमवर पाय धरा आणि सम कुठे आहे ते आधी पक्कं करा, मग ते गाणं लडखडत नाही, डुलतं. ‘पिक्चर्स ऑफ होम’ला तुम्ही सहा दिलेत. त्यात रॉजर ग्लोव्हरचा छोटा बेस सोलो आहे आणि माझ्या दृष्टीने ते या अल्बमचं दडलेलं रत्न आहे, नऊ. ‘नेव्हर बिफोर’ चालून जातं. गंमत अशी की मंडळींनी सिंगल म्हणून पुढे केलं होतं ते हेच. ‘स्मोक ऑन द वॉटर’चं सिंगल १९७३ मध्ये आलं आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. स्वतःच्या गाण्यांचा अंदाज कलाकारांनाही येतोच असं नाही, तेव्हा पहिल्या ऐकण्यात तुमचे मार्क हुकले तर काही बिघडत नाही.

‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण वाजवतो, आणि बहुतेक जण पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवतात. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती बोटांनी, दोन तारा एकाच वेळी खेचून वाजवतो, म्हणून ती गोल येते. गाणं कसं भरत जातं ते पाहा. गिटार एकटी, मग हाय-हॅट, मग बाकीचे ड्रम, आणि सगळ्यात शेवटी बेस. बेस आल्यावर तो रिफ वाजवत नाही. ग्लोव्हर जवळजवळ एकाच स्वरावर सलग ठोके देत राहतो आणि रिफ त्यावरून चालत जाते. मी विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकारे वाजवायला लावते, एकदा बेसनेही रिफच आणि एकदा नुसता तो एक स्वर. पहिल्या प्रकारात गाणं जागच्या जागी उभं राहतं, दुसऱ्यात धावायला लागतं.

‘लेझी’ सात मिनिटांहून मोठं आहे आणि गायक इयान गिलन येईपर्यंत अर्ध्याहून जास्त गाणं झालेलं असतं. तुम्ही गायकाची वाट पाहत बसलात, म्हणून कंटाळलात. हे जॉन लॉर्ड आणि ब्लॅकमोर यांचं संभाषण आहे, गिलन आणि त्याचा माउथ ऑर्गन पाहुणे. तसं समजून ऐका, आठ तरी द्याल. ‘स्पेस ट्रकिन’ इथे साडेचार मिनिटांत आटोपतं. ऑगस्ट १९७२ मध्ये जपानमध्ये मुद्रित केलेल्या ‘मेड इन जपान’वर तेच गाणं वीस मिनिटांच्या आसपास जातं. दोन्ही ऐकून मग त्याला मार्क द्या.

‘द नंबर ऑफ द बीस्ट’ १९८२ चा. निर्माता मार्टिन बर्च, तोच. या अल्बमबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तुमच्या तक्त्यात नऊ गाणी आहेत आणि मूळ अल्बमवर आठ होती. ‘टोटल इक्लिप्स’ हे गाणं मूळचं ‘रन टू द हिल्स’ सिंगलच्या मागच्या बाजूचं. १९९८ च्या आवृत्तीत ते ‘गँगलँड’ आणि ‘हॅलोड बी दाय नेम’ यांच्या मध्ये घातलं गेलं. तुम्ही ‘गँगलँड’ला चार आणि ‘टोटल इक्लिप्स’ला सात दिलेत. स्टीव्ह हॅरिसनेही नंतर सांगितलंय की अल्बमवर ‘गँगलँड’ऐवजी ‘टोटल इक्लिप्स’ घ्यायला हवं होतं. तेव्हा हा मुद्दा मित्राला जरूर ऐकवा. ‘हॅलोड बी दाय नेम’ला तुम्ही नऊ दिलेत. फाशीच्या तयारीत असलेल्या कैद्याचं ते गाणं शांत घंटेने सुरू होतं आणि शेवटी सुसाट सुटतं. हळू सुरुवातीवर तुमचा राग नाही हे इथे दिसलं, म्हणूनच ‘हॅन्ड ऑफ डूम’ तुम्हाला आवडेल अशी माझी खात्री आहे. आयर्न मेडनची मंडळी फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात वाजवून गेली. तिथे असलेल्या कुणालाही विचारा, शेवटच्या गाण्याला मैदान काय करत होतं.

आता मत लिहायचं कसं, ते सांगते. मी विद्यार्थ्यांकडून असं करून घेते. पहिल्यांदा अख्खी बाजू ऐकायची, काहीही न लिहिता. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक गाण्यात एकच वाद्य धरायचं, शक्यतो बेस किंवा ड्रम, आणि काही बदललं की तेव्हाचं मिनिट टिपायचं. तिसऱ्यांदा मत. मार्क द्यायचेच असतील तर दोन द्या, एक एकट्या गाण्याला आणि एक त्याच्या जागेला. ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’ला पहिल्या रकान्यात तीन राहिले तरी चालतील, दुसरा रकाना भरताना आधी आणि नंतर काय आहे ते आठवावंच लागेल. आणि शेऱ्यात ‘बोअर’ किंवा ‘भारी’ एवढंच न लिहिता कुठल्या मिनिटाला कोण काय करतंय म्हणून तसं वाटलं, ते लिहा. तुम्ही ‘मेबी आय’म अ लिओ’बद्दल ‘ठेका चुकल्यासारखा’ लिहिलंत, तो तुमच्या अख्ख्या तक्त्यातला सगळ्यात उपयोगी शेरा आहे. त्याच्यामुळेच मला तुम्हाला काहीतरी ठोस सांगता आलं.

थोडक्यात, साधन बदला, आवृत्ती तपासा, बाजू उलटायच्या जागी थांबा आणि चार कमी मार्कांची गाणी आठवडाभराने पुन्हा ऐका. त्यानंतरही ‘रॅट सॅलड’ दोनच राहिलं तर तो तुमचा पक्का निकाल, कुणाच्या बापाला घाबरू नका. ‘लेझी’ही नाहीच आवडलं तर सोडून द्या. ऑर्गनचा सूर काही जणांना शेवटपर्यंत रुचत नाही, आणि माझ्या ओळखीतल्या उत्तम गिटारवादकांतही असे आहेत.

यानंतर कुठला अल्बम, असंही विचारलं होतंत. ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ घ्या, गिटार खाली उतरवल्याने काय होतं ते ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’मध्ये पहिल्या क्षणी कळेल. त्याच्या आधी ‘एम्ब्रियो’ नावाचा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा गिटारचा तुकडा आहे. ॲपवर तो वेगळं गाणं म्हणून दिसतो आणि बहुतेक जण पुढे ढकलतात. तो न ढकलता ऐका, आणि दोन्ही रकान्यांत त्याला किती देता ते इथेच खाली लिहा.